शाळेची नियमावली कशी वाचावी

शाळा सुटायची वेळ. पाऊस धरून आलेला, गेटवर छत्र्यांची गर्दी. माझ्या पहिलीच्या वर्गातल्या एका मुलाला न्यायला एक तरुण आला. "मी याचा मामा. ताईला आज कामावरून निघायला उशीर होतोय, तिनंच पाठवलंय." मुलगा तर धावत जाऊन त्याच्या पायांना बिलगला. माझ्या हातातल्या यादीत त्या मुलाच्या नावापुढे तीन नावं होती आणि त्यात मामा नव्हता. आईचा फोन लागेना. मामा आधी समजुतीनं बोलला, मग चिडला. "पोरगा ओळखतोय ना मला? मग अडलंय कुठे?" मी मुलाला परत आत नेऊन बाकावर बसवलं. पंचवीस मिनिटांनी आईचा फोन आला. मामा खराच होता.

त्या पंचवीस मिनिटांत मला किती अवघडल्यासारखं झालं, ते अजून आठवतं. आजूबाजूचे पालक बघत होते, आणि आपण एका भल्या माणसावर संशय घेतोय असं वाटत होतं. पण 'मूल ओळखतं' एवढ्यावर मूल सोपवता येत नाही. मुलांना इजा करणारी माणसं बहुतेक वेळा अनोळखी नसतातच, मुलाच्या ओळखीतली असतात. शिवाय आईवडील वेगळे झालेले असतील आणि मुलाचा ताबा न्यायालयानं एकाकडे दिला असेल, तर दुसऱ्यालाही मूल ओळखतंच. म्हणून यादी. ती पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला, शांत डोक्यानं लिहून दिलेली असते. कोण खरं बोलतंय याचा निवाडा गेटवरच्या गर्दीत, पावसात, चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना करावा लागू नये, एवढ्यासाठी ती असते.

शाळेतल्या सुरक्षेच्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे हेच कारण आहे. ज्या क्षणी कुणालाच नीट विचार करता येणार नाही, त्या क्षणासाठीचा निर्णय आधीच घेऊन ठेवायचा. प्रवेशाच्या वेळी हातात येणारी ती जाडजूड पुस्तिका या नजरेनं वाचली, तर ती एकदम सोपी होते. कुठलंही पान उघडा आणि विचारा: तशी वेळ आलीच, तर नेमकं कोण, काय करणार? उत्तर सापडलं तर तो नियम कामाचा. 'शाळा विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी कटिबद्ध आहे' एवढंच सापडलं, तर तिथे अजून नियम लिहिलेलाच नाही असं समजा.

पुस्तिकेत तीन प्रकारचा मजकूर एकमेकांत मिसळलेला असतो, तो आधी वेगळा करू. धोरण म्हणजे शाळा कशाची जबाबदारी घेते ते. नियम म्हणजे काय करायचं आणि काय करायचं नाही. आणि कार्यपद्धती म्हणजे वेळ आल्यावर कुठलं पाऊल आधी, कुठलं नंतर, कुणी टाकायचं. 'आमच्या शाळेत दादागिरी खपवून घेतली जात नाही' हे धोरण झालं. 'कुणाला टोपणनावानं चिडवायचं नाही' हा नियम. 'तक्रार आली की वर्गशिक्षिका त्याच दिवशी दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलेल, नोंद करेल, पालकांना कळवेल आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करेल' ही कार्यपद्धती. पुस्तिकांमध्ये पहिले दोन प्रकार भरपूर असतात. तिसरा शोधावा लागतो, आणि मुलाला उपयोग होतो तो मुख्यतः तिसऱ्याचा.

हे सगळं शाळेच्या मर्जीवर सोडलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला आणि जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केला आहे. त्याचं १९वं कलम म्हणतं की मुलाला सांभाळणाऱ्या कुणाकडूनही होणाऱ्या शारीरिक किंवा मानसिक हिंसेपासून, दुर्लक्षापासून आणि शोषणापासून त्याला संरक्षण मिळालं पाहिजे. २८व्या कलमात शाळेचा स्पष्ट उल्लेख आहे: शाळेतली शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरूनच असली पाहिजे. आणि १२वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, पण शाळांच्या नियमावल्यांत जे येतं त्यातलं बरंचसं या तीन कलमांशी जाऊन भिडतं.

आता आगीपासून आणि गर्दीतून बाहेर पडण्यापासून सुरुवात करू, कारण इथले नियम जुने आहेत आणि त्यांची किंमत मोजली गेलेली आहे. १६ जून १८८३. इंग्लंडमधल्या संडरलंड शहरात व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी कार्यक्रम होता. शेवटी खाली बक्षिसं वाटली जाणार असं कळलं आणि गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावत सुटली. जिन्याच्या तळाशी असलेलं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते खिळीनं अडवलेलं होतं. पुढची मुलं अडकली, मागून येणाऱ्यांना ते कळलं नाही. १८३ मुलं गेली. आग नव्हती, स्फोट नव्हता. फक्त एक दार. त्यानंतर सार्वजनिक इमारतींत बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या दारांचा आग्रह सुरू झाला, आणि आतून नुसता दांडा ढकलला की उघडणारं जे दार आज सिनेमागृहात दिसतं, त्याचं पेटंट याच घटनेच्या पार्श्वभूमीवर काही वर्षांनी घेतलं गेलं. तुमच्या मुलाच्या शाळेत कधी गेलात तर दारं कुठल्या बाजूला उघडतात ते बघा. मागच्या गेटला शाळेच्या वेळात कुलूप असतं का, असेल तर किल्ली कुणाच्या खिशात असते, तेही विचारा.

दुसरी तारीख १ डिसेंबर १९५८. शिकागोतली अवर लेडी ऑफ द एंजल्स ही शाळा. तळघरातल्या जिन्यापाशी लागलेली आग उघड्या जिन्यातून धूर घेऊन वरच्या मजल्यावर गेली. ९२ मुलं आणि त्यांना शिकवणाऱ्या ३ नन मृत्युमुखी पडल्या. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की ती शाळा काही आठवड्यांपूर्वीच तपासणीत पास झाली होती. इमारत जुनी असल्यामुळे तिला नवे नियम लागू नव्हते. आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती, आणि शाळेतली घंटा अग्निशमन दलाला जोडलेली नव्हती. कागदावर सगळं नियमात बसत होतं. म्हणून 'आमच्याकडे प्रमाणपत्र आहे' हे उत्तर मिळालं की तिथे थांबू नका. पुढचं विचारा: शेवटचा सराव कधी झाला?

सरावाचंही असंच आहे. शनिवारी सकाळी, सगळी मुलं वर्गात असताना, आधी सूचना देऊन केलेला सराव लहान मुलांसाठी सुरुवातीला ठीक आहे, त्यांची भीती मोडते. पण खरी परीक्षा मधल्या सुट्टीतल्या सरावात होते. त्या वेळी दोन मुलं स्वच्छतागृहात असतात, एक ग्रंथालयात, एकाचा पाय प्लास्टरमध्ये असतो आणि वर्गशिक्षिका रजेवर असते. मैदानात जमल्यावर हजेरी कोण घेणार आणि हजेरीचा कागद बाहेर कोण आणणार? एका शाळेत मी पाहिलं, सगळी मुलं तीन मिनिटांत मैदानात आली, टाळ्या झाल्या, आणि हजेरीपुस्तकं मात्र वर वर्गातच राहिली होती. कुणी मागे राहिलंय का, हे सांगायला कुणाकडेच काही नव्हतं. पुढच्या सरावापासून प्रत्येक वर्गाच्या दाराशी खिळ्याला नावांची यादी टांगली. दोन रुपयांचंही काम नव्हतं ते.

आजारपणाचे नियम पालकांना जाचक वाटतात. ताप उतरला की पोराला पाठवावंसं वाटतं, घरी बघायला कुणी नसतं, हे मला मान्य आहे. पण उलट्या-जुलाब थांबल्यावरही काही काळ मूल इतरांना संसर्ग देऊ शकतं. म्हणून ब्रिटनमधल्या शाळा शेवटच्या उलटीनंतर ४८ तास घरी ठेवायला सांगतात. हात साबणानं वीस सेकंद धुणं हे भिंतीवरच्या चित्रापुरतं राहू नये, त्यासाठी नळापाशी साबण संपला की तो कोण आणणार हे ठरलेलं असावं लागतं.

खरा जीव मात्र ज्या मुलाला एखादा ठरलेला आजार आहे, त्याच्या योजनेत असतो. समजा एखाद्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. तशी प्रतिक्रिया सुरू झाली की काही मिनिटांत घसा सुजतो, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो. त्या वेळी वाचवणारं औषध ॲड्रेनलिन आहे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेलं. नेहमीची खाजेची गोळी हे थांबवू शकत नाही. आता नियमावलीत लिहिलंय, 'सर्व औषधे कार्यालयातील कुलूपबंद कपाटात ठेवावीत.' इतर औषधांसाठी हा नियम चांगलाच आहे, लहान मुलांच्या हाती गोळ्या लागू नयेत. पण हे इंजेक्शन पेन त्या कपाटात गेलं, कारकून जेवायला गेला आणि मुलगी दुसऱ्या मजल्यावर असली, तर काय? म्हणून चांगल्या शाळेत अशा मुलाची एका पानाची योजना असते. वर मुलाचा फोटो, कारण त्या दिवशी बदलीवर आलेल्या बाईंना ते मूल ओळखता आलं पाहिजे. खाली लक्षणं कशी दिसतात, पेन कुठे आहे, ते कोण टोचू शकतं, आधी रुग्णवाहिकेला फोन आणि मग पालकांना. दम्याचा पंप तर मुलाच्या हाताशीच हवा. सहलीला निघताना हे पान आणि औषध दोन्ही बरोबर जातात का, हेही विचारून ठेवा. सहलीच्या दिवशी नेमकं तेच विसरतं.

फिट आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालायचा नाही, त्याला दाबून धरायचं नाही, आजूबाजूच्या वस्तू हलवायच्या, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. हे शिक्षकांनी एकदा ऐकलेलं पुरत नाही, हातानं करून बघितलेलं असावं लागतं.

आता सर्वांत अवघड भागाकडे येते. मूल तुमच्याजवळ येतं आणि काहीतरी सांगतं. ते 'माझं शोषण झालं' असं म्हणत नाही. ते चित्र रंगवता रंगवता, खाली मान घालून म्हणतं, "बाई, मला त्या काकांकडे शिकवणीला नाही जायचं. ते घाण खेळ खेळतात." पुढच्या दोन मिनिटांत मोठं माणूस कसं वागतं, यावर फार काही अवलंबून असतं.

आपली पहिली ओढ असते धक्का बसल्याचं दाखवण्याची, मग प्रश्नांची सरबत्ती करण्याची. कुठे हात लावला? किती वेळा? इथे नियम आडवा येतो आणि तो योग्यच आहे. सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. लहान मूल मोठ्यांना हवं ते उत्तर द्यायला बघतं, आणि पुढे तपासात 'हे त्याच्या तोंडी घातलं' असा आक्षेप येऊन मुलाचं खरं बोलणंही बाद होऊ शकतं. शांत राहायचं, ऐकायचं, म्हणायचं: "मला सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." मूल विचारेल, "कुणाला सांगणार नाही ना?" तेव्हा 'नाही' म्हणायचा मोह फार होतो. ते वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडल्यावर मुलाचा विश्वास कायमचा जाईल. म्हणायचं, "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना मी सांगणार आहे." मग त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत लिहून काढायचं. 'घाण खेळ' म्हणाला असेल तर 'घाण खेळ'च लिहायचं, त्याचं सभ्य भाषांतर करायचं नाही. आणि शाळेनं त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे ते द्यायचं. स्वतः चौकशी करायची नाही, ज्याचं नाव आलं त्याला जाब विचारायला जायचं नाही. त्यानं पुरावा नाहीसा होतो आणि मुलावर दबाव येतो.

नेमलेल्या व्यक्तीचं नाव आणि फोन भिंतीवर असावा, आणि ती रजेवर असेल तर दुसरी कोण, हेही. यातला एक प्रश्न विचारायला पालक कचरतात, पण विचाराच: आरोप त्याच व्यक्तीवर किंवा मुख्याध्यापकांवर असेल तर कुणाकडे जायचं? शाळेबाहेरचा रस्ता नियमावलीत छापलेला नसेल, तर ते दार आतून बंद आहे.

नोकरीवर घेताना केलेल्या तपासणीचा संबंध इथेच येतो. इंग्लंडमधल्या सोहॅम गावात २००२ साली दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. मारेकरी तिथल्या माध्यमिक शाळेच्या इमारतीची देखभाल करणारा कर्मचारी होता. त्याच्याविरुद्ध आधी अनेक तक्रारी पोलिसांपर्यंत पोचल्या होत्या, पण त्या नोकरी देणाऱ्यांपर्यंत आल्या नाहीत. सरकारनं नेमलेल्या चौकशीनंतर तिथे मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या तपासणीची पद्धत बदलली. म्हणून शिक्षकांबरोबर सफाई करणारे, बस चालवणारे, खेळ शिकवायला आठवड्यातून एकदा येणारे, सगळ्यांची पडताळणी हवी. आणि ती एकदा केली म्हणजे निश्चिंत व्हायचं, असंही नाही. कधीच तक्रार न झालेल्या माणसाचा कागद कोराच असतो. म्हणून त्याच्या जोडीला साधे नियम लागतात: मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर बंद दाराआड बसायचं नाही, दाराला काच हवी, खासगी फोनवरून मुलांशी बोलायचं नाही, मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. हे नियम मुलांना जपतात आणि प्रामाणिक शिक्षकालाही जपतात.

शिस्तीबद्दल माझं मत ठाम आहे. स्वीडननं १९७९ साली मुलांना मारायला कायद्यानं बंदी केली, घरातसुद्धा, आणि असं करणारा तो जगातला पहिला देश. शाळेत मारणं तर आज कितीतरी देशांत बेकायदा आहे. पण छडी गेली तरी अपमान उरतो. वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर गुण वाचून हसणं. आणि दोन शिक्षा अशा आहेत की ज्या नियमावलीत कुणी लिहीत नाही आणि वर्गात रोज होतात.

एक म्हणजे खेळाची सुट्टी काढून घेणं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली स्पष्ट म्हटलं की शिक्षा म्हणून मधली सुट्टी रद्द करू नये, ती मुलाच्या वाढीचा भाग आहे. ज्याला एका जागी बसवत नाही त्यालाच बसवून ठेवलं, की दुपारी तो आणखी चुळबुळणार, हे कुठलीही अनुभवी बाई सांगेल. दुसरी शिक्षा म्हणजे लघवीला जाऊ न देणं. "आत्ताच तर सुट्टी झाली!" मीही हे म्हटलेलं आहे, आणि एकदा त्यामुळे सहा वर्षांची एक मुलगी बाकावर ओली होऊन बसून राहिली. उठायला तयार नव्हती. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून ठेवला होता. त्या वेळी शाळेत मुलांसाठी बदलायचे कपडे नव्हते आणि कुणी काय करायचं हेही ठरलेलं नव्हतं. लघवी रोखून धरण्याच्या सवयीनं संसर्ग होतो, बद्धकोष्ठता वाढते, आणि स्वच्छतागृह घाण असेल तर मुलं पाणी पिणंच बंद करतात. त्यानंतर माझ्या वर्गात दाराशी एक लाकडी ठोकळा ठेवला. जायचं असेल त्यानं तो बाकावर ठेवून जायचं. विचारायचं नाही.

दादागिरीबद्दल पालकांना नेहमी प्रश्न पडतो की भांडण कुठलं आणि त्रास कुठला. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी त्याची ओळख स्पष्ट केली: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हापुन्हा होतं, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. १९८३ मध्ये नॉर्वेत देशभर सुरू झालेल्या मोहिमेत त्यांचा कार्यक्रम आला आणि पुढे तो इतर देशांत गेला. दोन सारख्या ताकदीची मुलं चेंडूवरून भांडली तर 'एकमेकांची माफी मागा' चालतं. पण जिथे ताकदीत फरक आहे, तिथे समोरासमोर बसवून समेट घडवणं म्हणजे घाबरलेल्या मुलाला पुन्हा घाबरवणं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला किवा नावाचा कार्यक्रम बघणाऱ्या मुलांकडे लक्ष देतो. त्रास देणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात, आणि बघणाऱ्यांनी पाठ फिरवली किंवा त्या मुलाच्या बाजूला जाऊन बसले, की खेळ फसतो. तुमचं मूल ना त्रास देणारं ना सोसणारं असलं, तरी हे पान तुमच्याच मुलाचं आहे.

पालकसभेला जाल तेव्हा पुस्तिका बरोबर न्या. शेवटच्या सरावाची तारीख विचारा, अपघातांची नोंदवही असते का ते विचारा. वहीत भरपूर नोंदी असतील तर घाबरू नका. वर्षभरात गुडघा फुटल्याच्या चार ओळीही नसतील, तर तिथे नोंदीच होत नाहीत. आणि घरी मुलाला सहज विचारा, "शाळेत कशाची भीती वाटली तर तू कुणाला सांगशील?" उत्तर म्हणून कुठल्याही मोठ्या माणसाचं नाव आलं, बाईंचं, बसमधल्या मावशींचं, तरी चालेल. "कुणालाच नाही" असं आलं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा.

फोन नंबर बदलले, घर बदललं, घरात नातं बदललं की यादीही बदलायची असते. त्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत आईची चिठ्ठी होती. चौथं नाव घालावं, असं लिहिलं होतं, खाली मामाचा नंबर आणि दोघांच्या सह्या. त्या संध्याकाळी मामाच न्यायला आला. मी यादीवर बोट ठेवून नाव वाचलं, तो हो म्हणाला, आणि मी मुलाचं दप्तर त्याच्या हातात दिलं.